साहेब येईपर्यंत वाजवायचं

मुलाखत घेणाऱ्यांना पियानो वाजवणाऱ्या माणसाचं बालपण ठरावीक प्रकारचं हवं असतं. घरात ग्रामोफोन हवा, विलायतेला जाऊन आलेले आजोबा हवेत, निदान शेजारी एखादी ऑर्गन वाजवणारी बाई तरी हवी. मी रायपूरचा, चौबे कॉलनीतला, वडील सरकारी कारकून, असं सांगितलं की ते जरा हिरमुसतात आणि विचारतात, "मग जॅझ कुठून आलं?" गेली पंधरा वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो आहे. "रेकॉर्ड ऐकून ऐकून." उत्तर खोटं नाही. पण रेकॉर्ड हातात येण्याआधीचं एक उत्तर होतं, ते मी कधी दिलं नाही.

मी तेरा वर्षांचा असताना आमचं गाव राजधानी झालं. रातोरात झालं म्हणतात ते खरं आहे. संध्याकाळी रायपूर होतं, सकाळी उठून बघतो तर राजधानी, आणि नळाला पाणी तेवढंच. वडिलांची बदली नव्या मंत्रालयात झाली. ते एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरायचं. वडिलांच्या टेबलाच्या वर भिंतीला सलाइनची बाटली अडकवायचा आकडा तसाच होता, त्याला ते छत्री लावायचे. राज्य नवं असल्यामुळे प्रत्येक गोष्टीचं उद्घाटन व्हायचं राहिलं होतं. शाळेच्या भिंतीचं, पुलाचं, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याचं, आणि रस्ता खणला की नव्या रस्त्याचं. दर आठवड्याला कुठं ना कुठं मांडव. या मांडवांचा माझ्या जॅझशी संबंध आहे, तो पुढे येईल.

आईकडे माहेरची एक पेटी होती, अमरावतीहून आलेली. ती वाजवायला शिकावं म्हणून मला दोन गल्ल्या पलीकडच्या सरांकडे घातलं. सरांचं संगीत विद्यालय होतं, परीक्षा होत्या, भिंतीवर प्रमाणपत्रं होती. तीन महिन्यांनी सरांनी आईला बोलावून सांगितलं, "याला गळा नाही आणि हाताला शिस्त नाही. याला क्रिकेट खेळू द्या." सरांशी माझा सांगीतिक संबंध एवढाच. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे छापील कागदांवर तो बराच वाढला.

त्यानंतर पेटीचे दोन सूर खरोखरच मुके झाले. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात एक फिटर आहेत, ते पेट्याही दुरुस्त करतात, असं आईला कुणीतरी सांगितलं. ते मूळचे वर्ध्याकडचे, भीमगीतांच्या एका पार्टीत पेटी वाजवणारे. वडिलांनी विचारलं कोण, काय, आणि मग घरात आम्ही तिघंच असताना आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांच्यातले आहेत ते." थोड्या वेळानं म्हणाले, "दुरुस्तीपुरतं ठीक आहे."

मी पेटी सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधून रेल्वे कॉलनीत नेली. काकांनी (मी त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हणत आलो) ती जमिनीवर ठेवली, उघडली, सूर साफ केले, आणि दुरुस्त झाली का पाहायला म्हणून पाच मिनिटं वाजवली. त्या पाच मिनिटांत मला कळलं की मी आजवर पेटी पाहिली होती, ऐकली नव्हती.

"तुले येते का वाजवता?" त्यांनी विचारलं.

"नाही. सर म्हणाले हाताला शिस्त नाही."

"शिस्त पोलिसात लागते बे. इकडे बस."

पुढच्या शनिवारी पुन्हा जायचं होतं, पण पेटी तर दुरुस्त झालेली. शिकायला जातो म्हणावं तर घरून 'दुरुस्तीपुरतं' एवढीच परवानगी. तेव्हा मी एक उपाय शोधला. पेटीच्या एका पट्टीखाली कागदाची घडी सारली की ती पट्टी दबत नाही, सूर मुका राहतो. शुक्रवारी मी घडी सारायचो, शनिवारी आईसमोर वाजवून दाखवायचो, आणि वडील पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "काहून, पुन्हा बिघडली?" दर आठवड्याला वेगळी पट्टी, कारण तेवढी अक्कल मला होती. आई म्हणायची, "जुनी आहे, हळूहळूच सुधरेल." आईला माहीत होतं. ती पेटी तिनं दहा वर्षं वाजवली होती.

काकांनी पहिल्याच शनिवारी पेटी उघडून ती घडी बाहेर काढली आणि उलगडून पाहिली. माझ्या चाचणीचा तो फाडलेला कोपरा होता, मार्कांसकट.

"गणितात अकरा? पेटी बरी आहे, पोट्टाच बिघडला," ते आत काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले. पण घडी का घातली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर दर शनिवारी ते आधी पेटी उघडायचे, घडी काढून बाजूला ठेवायचे, "झाली दुरुस्त" म्हणायचे आणि मग शिकवायचे. पाच वर्षं. आमच्या घरच्यांना त्यांच्याबद्दल काय वाटतं हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण त्यांना वाचता येत होतं. मी त्यावर स्वतःला हुशार समजत होतो. घरी आल्यावर आई विचारायची, "चहा घेतला का तिथं?" मी नाही म्हणायचो. मी दोन कप घेतलेले असायचे, आणि काकूंच्या हातचा चिवडाही.

काकांची शिकवण्याची पद्धत अशी की ते काही सांगायचेच नाहीत, चुकलं की हाताला टिचकी मारायचे. दोनच नियम त्यांनी शब्दांत सांगितले. एक, गाणारा श्वास घेते तवा तू बोल, तो बोलते तवा तू गप्प. दुसरा, समेवर सगळी दुनिया धावत येते, तू जरासा मागून ये. "लेट नाही यायचं. लेट येणारा वेगळा आणि मागून येणारा वेगळा." हा फरक मला सांगून कळला नाही. तो मांडवांत कळला.

काकांची पार्टी वेळेवर यायची आणि जेवणाबद्दल कुरकुर करायची नाही, म्हणून सरकारी कार्यक्रमांना तिला हमखास बोलावणं असे. स्वागतगीत सरांच्या विद्यालयातल्या मुली गायच्या, साथ काकांची. पंधरावं लागल्यावर काका मला सोबत नेऊ लागले. ते पेटीवर, मी त्यांच्या शेजारी एका छोट्या कीबोर्डवर. घरी मी सांगितलं की सरांच्या मुलींना साथ करायला जातो. हेही खोटं नव्हतं.

अडचण अशी होती की कार्यक्रम अकराचा असला तर पाहुणे दीडला यायचे. स्वागतगीत पाहुणा आल्याशिवाय सुरू करता येत नाही, आणि मांडव मुका ठेवता येत नाही, कारण लोक उठून जातात. मग संयोजक मंचाच्या कडेला येऊन वाकून म्हणायचा, "भैया, बजाते रहो. साहब निकल चुके हैं."

"कोठून निकले?" काका माझ्या कानात विचारायचे. "पलंगावरून का?"

मग आम्ही वाजवायचो. दीड तास, दोन तास. काकांचा कायदा कडक होता. स्वागतगीताच्या मुखड्याला हात लावायचा नाही. तो साहेबांचा. त्याच्या आजूबाजूला कुठंही फिरा, अंतऱ्याच्या पायरीवर बसा, मुखड्याच्या दारापर्यंत जा आणि परत या, पण आत जायचं नाही. एकदा मी कंटाळून मुखडा वाजवला. मुली उभ्या राहून गायला लागल्या, आणि गाणं संपेपर्यंत मंचावर रिकाम्या खुर्च्यांना हार घालायची तयारी झाली. काका मला रागावले नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाले, "दोन तास भूक ठेवली होती लोकांची. तू येऊन पारले बिस्किट खाऊ घातलं."

असं शंभर वेळा तरी झालं असेल. एका चालीभोवती तिला न शिवता दोन तास फिरायचं, तीच जागा दुसऱ्यांदा आली तर काकांची टिचकी खायची, आणि मोटारींचा आवाज आला की नजरेनं ठरवून एकदम मुखड्यावर उतरायचं. पाहुणा खुर्चीत बसता बसता मांडव टाळ्या वाजवायचा, आणि त्याला वाटायचं आपल्यासाठी. ऐनवेळी सुचेल ते वाजवणं मी शिकलो ते नव्या राज्यातल्या पुढाऱ्यांच्या दिरंगाईमुळे. त्यांनी राज्याला दिलेल्या देणग्यांच्या यादीत ही धरलेली नाही.

मी सोळा वर्षांचा असताना अशाच एका कार्यक्रमाचा फोटो पेपरात आला. मुली गाताहेत, मी कीबोर्डवर. काका चौकटीबाहेर कापले गेले होते. खाली छापलं होतं की हा होतकरू वादक सरांच्या विद्यालयाचा विद्यार्थी. वडिलांनी ते कात्रण ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, मग प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं. सरांनी दुरुस्ती केली नाही. मीही केली नाही. शनिवारी काकांनी विचारलं, "फोटो चांगला आला म्हणतात?" मी हो म्हणालो आणि पेटी उघडली.

बारावीनंतर तेलीबांध्याच्या रस्त्यावर एक हॉटेल उघडलं. राजधानीत बाहेरून मोठी माणसं येणार, त्यांच्यासाठी लॉबीत पांढरा पियानो ठेवला होता, दिसायला पियानो आणि आत इलेक्ट्रॉनिक. वाजवायला मी. मॅनेजर बाहेरचा होता. त्यानं मला सीडींचा एक डबा दिला आणि म्हणाला, "ऐसा कुछ." घरी जाऊन मी पहिली सीडी लावली. चाल एकदा वाजली आणि मग ती मंडळी तिच्याभोवती फिरायला लागली, दारापर्यंत जाऊन परत, समेच्या जराशी मागून. मला वाटलं, यांचे साहेब अजून आलेले नाहीत.

मी सीडी घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकली, डोळे मिटून, एका जागी हात वर करून थांबवायला लावली आणि ती जागा पुन्हा ऐकली. शेवटी म्हणाले, "वाजवून राहिले चांगलं. पण यांचा पाव्हना येतच नाही वाटते कधी."

"नाही येत," मी म्हणालो.

"मग बरं आहे," ते म्हणाले. "तू हेच कर."

मी तेच केलं. पुण्याला गेलो, मग मुंबईला. पेटीत डावा हात भात्यावर असतो, पट्ट्यांवर फक्त उजवा. त्यामुळे पियानोवर माझा डावा हात बरीच वर्षं अडाणी होता. पण भात्याची सवय त्यात राहिली, सूर हळूच फुगवायची आणि सोडायची, आणि समीक्षकांनी तिला नावं दिली, सगळी परदेशी. माझ्या कार्यक्रमांच्या पत्रिकेत परिचय छापावा लागे. वडिलांनी कात्रणावरून लिहून दिला, 'प्राथमिक शिक्षण सरांकडे'. मी वाचला आणि पाठवून दिला. परिचय कोण वाचतं, असं मी स्वतःला सांगितलं. रायपूरला दोन-तीनदा आलो, काकांकडे गेलो नाही. वेळ नव्हता असं नाही.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. नंबर त्यांनी आईकडून घेतला होता.

"बिझी आहे का?"

"नाही काका, बोला."

"एक चिठ्ठी पायजे होती. सरकारनं कलावंतांची यादी काढली आहे. त्यात आमची पार्टी लागली तर बाहेरच्या जिल्ह्यात कार्यक्रम भेटतात. फॉर्मात विचारते, तुमच्याकडं शिकून कोणी पुढं गेलं काय. पोरं म्हणे तुयं नाव टाका. दोन ओळी लिहून दे, मी शिकवलं म्हणून."

"पाठवतो काका. आजच."

मी खरंच लिहायला बसलो. दोन ओळींच्या सात झाल्या. आणि मग लक्षात आलं की ही चिठ्ठी संस्कृती खात्यात जाणार, तिथंच कार्यक्रमासाठी पाठवलेला माझा छापील परिचयही आहे, आणि त्यात सर आहेत. कुणीतरी दोन्ही समोरासमोर ठेवील. वडिलांना विचारतील. मग मला सांगावं लागेल की एवढी वर्षं जे छापलं ते खोटं होतं. आधी परिचय बदलावा आणि मग चिठ्ठी पाठवावी, असं मी ठरवलं. परिचय बदलला नाही. काकांनी पुन्हा फोन केला नाही. पार्टी यादीत लागली नाही, हे मला आईनं नंतर, भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मागच्या वर्षी रायपूरच्या आमच्या मराठी मंडळींनी माझा सत्कार ठेवला. निमंत्रणावर 'भूमिपुत्र' असा शब्द होता. पियानो भाड्यानं आणला होता आणि त्याला हारही घातला होता. दीपप्रज्वलनाच्या वेळी वात पेटेना, तीन काडेपेट्या झाल्या. मग सूत्रसंचालकांनी सांगितलं की शिष्याच्या आधी गुरूचा सत्कार. आणि सर मंचावर आले. नव्वदीच्या घरातले, धोतर, काठी. शाल, श्रीफळ. सर माइकवर म्हणाले, "हा माझ्याकडे आला तेव्हा याला सा लावता येत नव्हता." एवढं तंतोतंत खरं होतं. पुढचं सगळं त्यांनी तिथंच रचलं, पण इतक्या प्रेमानं की मला वाटतं त्यांना ते आठवतच होतं.

मी खाली पाहिलं. पहिल्या रांगेत वडील, खिशात कात्रण. सहाव्या रांगेत काका आणि काकू. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते टाळ्या वाजवत होते, सगळ्यांसारख्याच.

सूत्रसंचालकांनी माझ्या हातात माइक देऊन विचारलं, "हे जे तुम्ही ऐनवेळी सुचेल ते वाजवता, हे कुठं शिकलात?"

मी माइक या हातातून त्या हातात घेतला. लोकांना वाटलं मी गहिवरलो. वाक्य तयार होतं, माणूस समोर होता. बोट दाखवलं असतं तरी पुरे झालं असतं. वडिलांचं काय होईल, नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला खांद्यावर शाल असताना खोटं पाडायचं का, असे विचार मनात आले, आणि तेही खरे होते. पण खरं कारण लहान होतं. मला मी सोळा वर्षांचा असल्यापासूनचं सगळं त्या सभागृहासमोर उलगडून सांगावं लागलं असतं, आणि त्यात मी वाईट दिसलो असतो.

"ऐकून ऐकून," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहराबाहेर बीरगांवला गेलो. निवृत्तीनंतर काकांनी तिथं घर बांधलं आहे. कारखान्यांची काळी भुकटी सगळीकडे बसते, म्हणून काकू कपडे आतच वाळत घालतात. मला दोरीवरच्या त्या पांढऱ्या शर्टाखालून वाकून आत जावं लागलं. खिशात ती चिठ्ठी होती, लेटरहेडवर, काकांच्या पूर्ण नावासकट.

"ये," काका म्हणाले. "काल बरं वाजवलं. डावा हात अजून जड आहे."

"काका, माझं चुकलं."

"कोठी? तिसऱ्या गाण्यात? हव, तिथं मले पण वाटलं."

"काका."

"समजलं बे. बस." काकू पाणी ठेवून गेल्या. मी चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, दुसऱ्यांदाही वाचली.

"मराठी चांगलं आहे तुयं," ते म्हणाले. "पण आमचा गाणारा गेला मागच्या साली. ढोलकीवाला पोराकडं भिलाईला असते. आता हे कोणाले दाखवू?"

"मी सगळ्यांना सांगतो. काका, मला खरंच..."

"माइक तर काल होता तुया हातात. इथं मले सांगून काय उपयोग? मले तर माहीतच आहे."

हे ते रागानं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते कुतूहलानं बोलले.

"मी लिहिणार आहे," मी म्हणालो. "पुस्तकात. तुमच्या नावानिशी."

"काहून?"

"लोकांना कळावं म्हणून."

"लोकायले काय करायचं आहे? तुले हलकं वाटावं म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे पाय. जवा माया नावाची मले गरज होती, तवा तू नाही लिहिलं. आता तुले गरज आहे, तर मी नाही देत. लिहायचं तर लिही. नाव टाकायचं नाही."

"मग लोकांना कसं कळेल कुणाबद्दल आहे?"

"नाही कळणार," काका म्हणाले. "चहा घेशीन ना?"

मी घेतला. आम्ही तासभर बोललो, बहुतेक रेल्वेबद्दल. निघताना मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. चिठ्ठी त्यांनी मला परत दिली.

म्हणून यात नाव नाही. मी त्यांची आज्ञा पाळतो आहे, असं म्हणायला हरकत नाही, पण ती पाळणं मला किती सोयीचं आहे हेही मला दिसतं. वडील हे वाचतील, आणि त्यांना कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. काकांचं नाव गाळायचं तर मग बाकीच्यांचीही गाळली. सरांचं गाळताना मला जरा बरं वाटलं, आणि ते वाटायला नको होतं.